टकलूचे केस

९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतात, म्हणून मुद्दाम तिथूनच सुरुवात केली. फोन तू उचलत नाहीस, मेसेजचं तर बोलायलाच नको. पण पत्र तू उघडणार. जाहिरातीचं पाकीटसुद्धा तू उघडून, आत काय आहे ते वाचून मगच फाडतेस. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर काढून मी एवढं तरी शिकले आहे.

इकडे सगळं ठीक. तुझ्या दादाचं चष्म्याचं दुकान झकास चाललंय. त्याच्या डोक्याला मागच्या बाजूने जी शेवटची झालर उरली होती, तीही आता निघायच्या तयारीत आहे. तू गेल्यापासून त्याला टकलू म्हणणारं घरात कोणी नाही. मी एकदा म्हणून पाहिलं, तर त्याने ऐकूच न आल्यासारखं केलं. तो मान बहुधा बहिणीचाच असतो.

आता कामाचं. लॅबमध्ये नवा फ्रीझर येतोय, आणि सरांचं फर्मान निघालंय: ज्या नळ्यांना कोणी वाली नाही, त्या मार्चअखेर फेकायच्या. तुझा जंतू, म्हणजे आपला दुसरा टकलू, त्यातच आहे. भावाचं नाव तू त्याला हौसेने दिलंस, कारण इतर जंतू अंगावरचा लांब केस भोवऱ्यासारखा फिरवत पोहतात आणि याच्या अंगावर केसच नाही, असं सर म्हणत होते. मग एक दिवस तू म्हणालीस, आहे! मी पाहिला! तुझ्या फोटोत धाग्यासारखं काहीतरी दिसतही होतं, पण फोटो असा गचाळ की सर म्हणाले, हा कचरा आहे, तू जंतू धूत नाहीस. त्यांनी स्वतः सगळ्यांसमोर जंतू धुऊन दाखवले. साफ गुळगुळीत. "सुतावरून स्वर्ग गाठू नये," असंही वर ऐकवलं.

तेवढ्यावर तू लॅब सोडली नसतीस. पण त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर, चार पाहुण्यांदेखत, तुझा सख्खा भाऊ म्हणाला, "उद्या दुकानात ये, तुझा नंबर तपासून देतो." सगळे हसले. तू ताट तसंच ठेवून उठलीस, आणि महिन्याभरात दूरची नोकरी धरलीस. त्याला अजूनही वाटतं की तो साधा विनोद होता. म्हणजे तसं तो म्हणतो.

तर मला एकच ओळ हवी आहे: "नळी ठेवा." मालक सापडला तर सर फेकणार नाहीत. ती नळी गेली की तू खरी होतीस का खोटी, हे कोणालाच कधी कळणार नाही, आणि मग तू या घरात पाऊल ठेवणार नाहीस हेही मी ओळखून आहे. मला तू इथे हवी आहेस गं. यंदा तर फारच.

तुझी आधी मैत्रीण, मग वहिनी

२१ फेब्रुवारी

वन्सं, अगं बाई, वन्सं!

उत्तर नाही आलं. मला राग आला होता, पण आता रागवायला वेळ नाही. खुर्चीवर बस. बसलीस?

टकलूला केस आहे. मी पाहिला. माझा नंबर तपासून झालेला आहे, घरातच तज्ज्ञ आहे.

झालं असं. तुझी ओळ येईना, तेव्हा मीच नळी बाहेर काढली, म्हटलं फेकायच्या आधी एकदा शेवटचं बघू. रात्रभर जंतू वाढवले. सकाळी नेहमीच्या रीतीने करायला घेतलं. आधी नळी भुंग्यावर धरायची (नळी गदागदा हलवणाऱ्या त्या यंत्राला नवी माणसं व्होर्टेक्स म्हणतात, मी अजून भुंगाच म्हणते), गाठी फोडायच्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, जंतू तळाला बसले की वरचं पाणी ओतून टाकायचं. धुऊन घ्यायचं, थोडक्यात. तर मी नळी भुंग्यावर टेकवली मात्र, हात कोपरापर्यंत थरथरला, आणि माझं पोट त्याच्याही आधी. तशीच पळाले बेसिनकडे.

हल्ली मला आवाज सहन होत नाही. वासही होत नाहीत. का, ते विचारू नकोस. पित्त म्हण. वय झालं म्हण.

परत आले तर त्या यंत्राकडे बघवेना. सेंट्रिफ्यूजची घरघर तर नकोच वाटली. मग नळी दोन्ही तळव्यांत धरून हळूच इकडून तिकडे कलती केली, झोपाळा द्यावा तशी, आणि एक थेंब तसाच तांब्याच्या जाळीवर सोडला. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या पडद्यावर चित्र आलं ते इतकं घाण, इतकं गचाळ, की मला तुझीच आठवण आली. आणि त्या घाणीच्या मध्यभागी टकलू, आणि त्याच्या पाठीवरून निघालेला एक लांबलचक, नागमोडी, देखणा केस! मी अशी ओरडले की स्टूल पडलं. पलीकडच्या खोलीतून सर विचारत आले, काय फुटलं? मी म्हटलं, काही नाही, पाय घसरला. इतक्यात त्यांना सांगायचं नाही असं ठरवलं आहे.

मग मला एकेक आठवायला लागलं. कोणी भुंगा सुरू केला की तू कपाळाला हात लावून बाहेर जायचीस. घरी मी रस काढायला मिक्सर लावला की बाल्कनीत जाऊन दार ओढून घ्यायचीस. तुझं ते अर्धं डोकं दुखणं! म्हणजे तू जन्मात कधी भुंगा वापरलाच नाहीस. आणि कोणाला सांगितलंही नाहीस, कारण डोकं दुखतं म्हणून यंत्र वापरत नाही, हे काय प्रयोगात लिहायचं असतं? तू लिहून ठेवलेल्या रीतीत नुसतं "मिसळून घ्यावे" एवढंच आहे. आम्ही सगळ्यांनी ते वाचलं आणि मिसळून घेतलं, भुंग्यावर, यथासांग!

दुसऱ्या दिवशी नाकाला रुमाल बांधून, मन घट्ट करून भुंगा लावला. टकलू पुन्हा टकलू. हाताने कलती केली, केस हजर. तीनदा करून पाहिलं.

आता एकच अडचण. सर म्हणतील, तू धुतलं नाहीस, हा कचराच. तेव्हा काय करू ते लिही. निदान दोन शिव्या तरी लिही.

आनंदाने वेडी झालेली,
वहिनी

६ मार्च

प्रिय मुक्या प्राण्या,

तुझ्याकडून काही येणार नाही हे धरूनच मी आता लिहिते. बरं वाटतं. सकाळी अर्धा तास बेसिनपाशी आणि उरलेला दिवस गाणी म्हणत फिरते. तुझा दादा संशयाने बघतो. म्हणजे एका गोष्टीबद्दल त्याला संशय नाही, पण ते असो. या लॅबच्या आनंदाबद्दल त्याला कुतूहल वाटायला लागलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, परवा पहिल्यांदा त्याने विचारलं, "तुम्ही दोघी नेमकं करत काय होतात गं?"

मी तुमच्या दोघांच्या भांडणाचं नाव न काढता सांगायला बसले. म्हटलं, जंतू फार हिशेबी असतो. केस बनवायला माल आणि ताकद खूप लागते, म्हणून तो कामं क्रमानेच करतो. आधी अंगात पाया. पायावर बाहेर एक वाकडा आकडा, आतून पोकळ. आकडा पुरेसा लांब होईपर्यंत आत एक प्रथिन नुसतं अडवायच्या कामावर असतं. ते केसाच्या कामाला कोणाला हात लावू देत नाही.

"मुकादम," दादा म्हणाला.

"हो. आणि आकडा पुरा झाला की त्या मुकादमालाच त्याच पोकळ नळीतून बाहेर हाकलून देतात. तो गेला की आत केसाचा माल तयार व्हायला लागतो, तोही त्याच नळीतून जातो आणि टोकाला जाऊन बसतो. हा केस मुळाशी वाढत नाही, टोकाला वाढतो."

तो चष्मा पुसत ऐकत होता. लक्ष देऊन ऐकायचं असलं की तो चष्मा पुसतो, तुला माहीत आहे. म्हणाला, "मग त्या टकलूचं काय बिघडलं होतं?"

मी म्हटलं, भांडण तेच होतं. सर म्हणतात, त्याचा क्रमच मोडलाय, मुकादम आत अडकलाय, केस उगवतच नाही. तुझी बहीण म्हणत होती, क्रम नीट आहे, सगळं वेळच्या वेळी होतं, केस उगवतो.

दादाने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "अगं, उगवला म्हणजे राहिला असं थोडंच आहे? माझे काय उगवले नव्हते? कंगव्यात बघायचे होते."

वन्सं, कंगव्यात! आपण सगळ्यांनी आजवर डोकं तपासलं. कंगवा कोणीच तपासला नाही. भुंग्याने केस तुटले असतील तर ते गेले कुठे? जंतू तळाला बसले, आणि वरचं पाणी आपण दर वेळी, न चुकता मोरीत ओतलं!

मी त्याच्या टकलाचा मुका घेतला. तो म्हणाला, "हे कशाबद्दल?" मी म्हटलं, विज्ञानाबद्दल.

आणखी एक सांगते, तू हे वाचतेस असं धरून. तो उठून आत गेला आणि दारात थांबून म्हणाला, "ती तेव्हा हे सांगत होती होय." मग पुढे काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्याही आत एक मुकादम बसलाय. एक शब्द कधीचा अडवून धरलाय त्याने.

उद्या ते पाणी बघणार आहे. डॉक्टरांनी सांगितलंय जड उचलू नकोस, पण नळी काय जड असते? (कोणते डॉक्टर ते विचारू नकोस. पित्ताचे.)

तुझी,
कंगवा हाती लागलेली

२८ मार्च

वन्सं,

शाई फुटेल इतक्या घाईने लिहिते आहे.

फेकायच्या पाण्यात केस सापडले. एखाददुसरा नाही गं, पडदा भरून! न्हाव्याच्या दुकानातली फरशी बघावी तसं. कचरा म्हणायला जागा उरू नये म्हणून त्या पाण्यातलं प्रथिनही तपासलं, तर प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेलवर एकच जाड पट्टी, बरोब्बर केसाच्या प्रथिनाच्या जागी. आणि धुतलेले, गुळगुळीत म्हणून गाजलेले टकलू पुन्हा नीट निरखले. गुळगुळीत कुठले? पाठीवर आकडा शाबूत आहे. म्हणजे पाया झाला, आकडा झाला, मुकादम वेळेवर बाहेर गेला, केसही उगवला. फक्त आकडा आणि केस जिथे जुळतात तो सांधा कच्चा. जरा हिसका बसला की केस गळाला. तू म्हणत होतीस ते अक्षर न् अक्षर खरं निघालं.

काल सरांना बोलावलं. तोंडाने काही सांगितलं नाही. एकाच वाढीच्या दोन नळ्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हटलं, सर, ही तुम्ही भुंग्यावर धरा आणि ही हातात धरून हळूच कलती करा. "हे काय पोरखेळ," म्हणत त्यांनी दोन्ही केलं. कलती करताना त्यांनी मान पण कलती केली, मला हसू आवरेना. मग पडद्यापुढे बसले. पहिली: टक्कल. दुसरी: झुलपं! त्यांनी चित्र पुढे मागे केलं, नळ्यांवरच्या खुणा पाहिल्या, मला खोलीबाहेर काढून स्वतः सगळं परत केलं. मी बाहेर बाकावर केळं खात बसले. (केळं तेवढं पोटात राहतं.) दार उघडून म्हणाले, "तिला सुतावरून स्वर्ग असं मी बोललो होतो का?"

"बोलला होतात, सर."

"सूत होतं खरं," ते म्हणाले. आणि मग, वन्सं, आपले सर, ज्यांना कोणाला शाबास म्हणताना दात दुखतात, ते म्हणाले, "हे छापायला जाईल ते तिच्याच नावाने. पहिलं नाव तिचं." तुला आजच लिहायला निघाले होते. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, आधी घरच्यांना लिहू दे.

कारण घरचा माणूस तेवढ्यात आला होता. हल्ली तो मला रोज न्यायला येतो, पिशवीसुद्धा धरू देत नाही. मी म्हटलं, ये, तुझ्या नावाचा जंतू बघून जा. साध्या मायक्रोस्कोपखाली जिवंत टकलू ठेवला, हळूच, न हलवता. केस एवढ्या भिंगातून दिसत नाही, पण पोहणं दिसतं. दादा वाकला. टकलू असे सुसाट धावत होते, वळत होते, गिरक्या घेत होते! मधूनच एखादा गपकन थांबायचा. मी सांगितलं, त्याचा गळला बघ आत्ता. दादा खूप वेळ बघत होता. मग त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. पुन्हा काढला. तिसऱ्यांदा पुसायला लागला तेव्हा मला कळलं की भिजला होता तो चष्मा नव्हे.

"तिला मी नंबर तपासायला सांगितलं होतं," तो म्हणाला. गाडीत चावी फिरवायच्या आधी म्हणाला, "ती येईल का गं?" मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

टकलूची नळी नव्या फ्रीझरमध्ये गेली आहे, सगळ्यांत वरच्या खणात. चिठ्ठीवर तुझं नाव आहे.

आता तरी लिही. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी नको, तुझ्या विजयासाठी लिही.

वहिनी

१७ एप्रिल

ए लबाड,

मी चार पत्रं लिहिली. हात दुखेपर्यंत लिहिली. केस, आकडा, मुकादम, जेलची पट्टी, सरांची माफी म्हणावी अशी गोष्ट, तुझ्या भावाचे डोळे. आणि आज सकाळी तुझं कार्ड आलं. मी दारातच उघडलं. सगळं कार्ड कोरं, मधोमध दोन शब्द:

"कितवा महिना?"

अगं, केसांबद्दल एक अवाक्षर नाही! मी पायऱ्यांवर बसून इतकी हसले की शेजारीण विचारायला आली. मग रडले. मग पुन्हा हसले. तू माझ्या पत्रांत जंतू वाचतच नव्हतीस तर. तू माझं पित्त वाचत होतीस!

हो. खरं आहे. तुला पहिल्या पत्रातच सांगावंसं वाटत होतं. पण मागच्या वेळी आम्ही सगळ्यांना फार लवकर सांगितलं होतं, आणि नंतर प्रत्येकाला ते दुसरं सांगावं लागलं. तू तेव्हा माझ्याबरोबर होतीस, अंथरुणावर माझ्याशेजारी काही न बोलता पडून राहायचीस. ते मी विसरलेले नाही. या वेळी डॉक्टर म्हणाल्या, पाया पक्का होऊ दे, मग बोला. म्हणून तोंडाला कुलूप घातलं. परवा तपासणी झाली. सगळं जिथल्या तिथे आणि वेळच्या वेळी आहे. ठोके ऐकले. तुझा दादा ते ऐकून डॉक्टरांना म्हणाला, "पुन्हा एकदा लावा." त्यांनी लावलं. मग म्हणाला, "आणखी एकदा." शेवटी त्या म्हणाल्या, बाहेर माणसं बसली आहेत.

आणि बघ, गंमत कशी आहे. या पोटातल्याने भुंग्याचा आवाज मला सहन होऊ दिला नाही, म्हणून मी नळी हातात धरली, म्हणून तुझा केस दिसला. जन्माला यायच्या आधीच त्याने आत्याची बाजू घेतली आहे. किंवा तिने. काही असो, पक्षपात पक्का आहे.

कार्ड मी दुकानात नेलं. गिऱ्हाईक होतं, एक आजोबा, अक्षरांचा तक्ता वाचत होते. दादाने कार्ड वाचलं, तुझं अक्षर ओळखलं, आणि त्या आजोबांना म्हणाला, "माझी बहीण." आजोबांनी विचारलं, "कुठे?" तक्त्यात शोधायला लागले बिचारे. मग दादाने माझ्याकडून एक कागद मागून घेतला आणि काही ओळी लिहिल्या, त्या खाली चिकटवल्या आहेत. लिहायला त्याला अर्धा तास लागला. आजोबा तोवर थांबले.

"धाकटे, तू पाहिलं होतंस ते खरं होतं. मला दिसत नव्हतं म्हणून मी तुला हसलो, तेही चार लोकांत. माझं चुकलं. घरी ये. तुझा दादा, टकलू."

मुकादम बाहेर गेला, वन्सं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला जाताना.

आता ऐक. सरांना तुझ्याशी बोलायचं आहे, सांध्याचं पुढचं काम तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही असं तेच म्हणतात, पण ते तू आणि ते बघा. मला त्यात पडायचं नाही. तुझी बाल्कनीजवळची खोली झाडून घेतली आहे. उशी तीच, चपटी, जी तुझ्याशिवाय कोणाला चालत नाही. घरातला मिक्सर मी माळ्यावर टाकला आहे. आता या घरात आवाज सहन न होणाऱ्या आपण दोघी आहोत, आणि थोड्या महिन्यांत सगळा आवाज करणारं तिसरं येणार आहे. तेव्हा डोकं दुखतं म्हणून बाल्कनीत गेलीस तर त्यालाही बरोबर न्यावं लागेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

पाचवा लागला. आता निघ.

वहिनी